देणाऱ्याचा पत्ता : लेण्याद्रीपासून क्रेडिट कार्डापर्यंत

या भागाचा हा लिखित मजकूर. एसटीत इअरफोन विसरलेल्यांसाठी, आणि "दादा, आकडे लिहून टाक ना, ऐकताना सुटतात" असं सांगणाऱ्यांसाठी. बोललो तसंच बरंचसं ठेवलंय, मधलं खाकरणं तेवढं काढलंय.

आजचा विषय जरा विचित्र वाटेल. तुम्ही एखाद्या संस्थेला कार्डाने देणगी द्यायला जाता. रक्कम टाकली, कार्डाचा नंबर टाकला, मागचे तीन आकडे टाकले. आणि मग फॉर्म विचारतो, बिलिंग ॲड्रेस सांगा. अरे, मी पैसे देतोय, माझ्या घरी काही पाठवायचं नाहीये, मग माझा पत्ता कशाला?

हा प्रश्न मला पडला कारण माझं काम त्यातलंच आहे. मी मूळचा नारायणगावकडचा, बीटेक करून पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी करतो. शिवाय अमेरिकेतल्या काही मराठी मंडळींची एक छोटी संस्था आहे, आंबेगाव तालुक्यातल्या शाळांना मदत करते. तिचं देणगीचं पान मी सवडीने सांभाळतो. ते काम करता करता लक्षात आलं की देणाऱ्याचा पत्ता लिहून ठेवायची पद्धत आपल्या जुन्नरात जवळजवळ दोन हजार वर्षं जुनी आहे. ती कागदावर नव्हती, दगडावर होती. म्हणून आज दोन्ही फॉर्म शेजारी ठेवून बघू.

दगडातला फॉर्म

जुन्नरच्या भोवतीच्या डोंगरांत दीडशेहून जास्त लेणी आहेत. लेण्याद्री, मानमोडी, तुळजा आणि खुद्द शिवनेरी. आपण लेण्याद्रीला जातो ते गिरिजात्मजाच्या दर्शनाला. गणपती आहे ते सातवं लेणं. त्याच्या शेजारचं सहावं लेणं म्हणजे बौद्ध चैत्यगृह. आपण तिथे फोटो काढतो आणि पुढे जातो. पण तिथे ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत एक ओळ कोरलेली आहे. तिचा अर्थ साधारण असा की हे चैत्यगृह कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त याचं देयधम, म्हणजे दान.

आता डेव्हलपरच्या नजरेने बघा. नाव : सुलसदत्त. वडिलांचं नाव : हेरणिक, आणि या शब्दातच सोन्याचा धंदा डोकावतो. गाव : कल्याण. काय दिलं : चैत्यगृह. एका ओळीत चार रकाने भरले!

जुन्नरच्या डोंगरांत असे तीसेक लेख आहेत आणि प्रत्येक लेखात वेगवेगळे रकाने भरलेले दिसतात. बुद्धमित्र आणि बुद्धरक्षित हे दोघे भाऊ भारुकच्छचे, म्हणजे आजच्या भरूचचे. त्यांनी दोन खोल्यांचं लेणं दिलं. शिवनेरीवर वीरसेनक नावाचा गृहस्थांचा प्रमुख चैत्यगृह देतो आणि कारणही लिहितो, सर्व लोकांच्या हितासाठी आणि सुखासाठी. धान्याच्या व्यापाऱ्यांची एक श्रेणी, म्हणजे त्यांची संघटना, सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याचं टाकं देते. तिथे माणसाचं नावच नाही, देणारी संघटना आहे. आजच्या भाषेत कॉर्पोरेट डोनर म्हणा! मानमोडीवर नहपान या क्षत्रप राजाचा अमात्य अयम येतो. तो आपलं गोत्र सांगतो, पद सांगतो आणि वर्ष सांगतो, ४६.

हे सगळे इथेच का आले? कारण नाणेघाट. कोकणातून देशावर चढणारी ही वाट कल्याण-सोपाऱ्याकडचा माल जुन्नरला आणायची. घाटाच्या माथ्यावरच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा मोठा लेख आहे. यज्ञांत दिलेल्या दक्षिणेची ती यादी. कुठे ११०१ गाई, कुठे २४,४०० कार्षापण नावाची नाणी. आकडे आकड्यांच्याच चिन्हांत कोरलेले. आजही आपण अहेराच्या पाकिटात वरचा एक रुपया घालतो, त्यामुळे ११०१ हा आकडा वाचताना मला एकदम घरच्यासारखं वाटलं.

आता महत्त्वाचा प्रश्न. सुलसदत्त खरंच कल्याणचा होता, हे कोणी तपासलं? तपासाची नोंद लेखात नाही. पण मला वाटतं तपास लिहिण्याच्या पद्धतीतच होता. कल्याणचे व्यापारी वर्षानुवर्षं याच वाटेने ये-जा करत. त्यांच्यासमोर "मी कल्याणच्या अमक्याचा मुलगा" असं खोटं कोरून ठेवायचं म्हणजे चारचौघांत पकडलं जायची तयारी हवी. पत्ता उघडा होता, म्हणून तो टिकला.

आपला बिलिंग ॲड्रेस याच्या बरोबर उलट असतो. तो कोणालाच दाखवायचा नसतो.

पत्त्यातले फक्त आकडे

बिलिंग ॲड्रेस म्हणजे काय? तुमची बँक कार्डाचं बिल ज्या पत्त्यावर पाठवते तो पत्ता. पूर्वी बिल खरोखर पोस्टाने घरी यायचं, त्यावरून हे नाव. लोक फोनवरून किंवा टपालाने वस्तू मागवू लागले तेव्हा दुकानदारासमोर ना कार्ड असायचं ना माणूस. मग कार्ड खरं की चोरीचं हे कळायचं कसं? त्यावर एक सोपी युक्ती निघाली. कार्ड चोरणाऱ्याला नंबर मिळतो, पण मालकाचं बिल कुठल्या घरी जातं हे त्याला बहुधा माहीत नसतं. तेच विचारा!

या पद्धतीला ॲड्रेस व्हेरिफिकेशन सिस्टिम म्हणतात, थोडक्यात एव्हीएस. ती मुख्यतः अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमध्ये चालते. गंमत अशी की ती तुमचा अख्खा पत्ता वाचत नाही. घराचा नंबर आणि झिप कोड, म्हणजे साधारणपणे पत्त्यातले आकडे तेवढे जुळवते. रस्त्याच्या नावाचं स्पेलिंग चुकलं तरी चालतं, आणि नाव तर सहसा तपासलंच जात नाही. बँक उत्तरादाखल एक अक्षर पाठवते. वाय म्हणजे दोन्ही जुळले. झेड म्हणजे झिप जुळला, घर नंबर नाही. ए म्हणजे घर नंबर जुळला, झिप नाही. एन म्हणजे काहीच नाही. जी म्हणजे कार्ड अमेरिकेबाहेरच्या बँकेचं, ती बँक या भानगडीत नाही.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. एन आलं म्हणून व्यवहार आपोआप थांबतोच असं नाही. पैसे आहेत का, कार्ड चालू आहे का, ते बँक वेगळं सांगते. पत्ता जुळला नाही तरी घ्यायचं की सोडायचं, हा निर्णय बऱ्याचदा पैसे घेणाऱ्याचा असतो. म्हणजे संस्थेचा. म्हणजे आमच्यासारख्या ठिकाणी, रात्री अकरा वाजता लॅपटॉप उघडून बसलेल्या माझ्यासारख्याचा.

तुम्ही म्हणाल, दान देणाऱ्याची एवढी झडती कशाला? चोर कशाला देणगी देईल?

देतो! चोरीच्या कार्डांचे नंबर हजारोंनी विकले जातात. त्यातलं कुठलं कार्ड अजून चालू आहे हे बघायला चोराला एक शांत जागा हवी असते. दुकानात माल घेतला तर तो कुठेतरी पोहोचवावा लागतो. देणगीच्या पानावर माल नाही, डिलिव्हरी नाही, रक्कम आपण ठरवायची, आणि संस्थेत लक्ष ठेवायला माणूस नाही. मग एक डॉलर, दोन डॉलर, एक डॉलर अशा देणग्यांची रांग लागते. जे कार्ड चाललं त्यावर पुढे कुठेतरी महाग फोन घेतला जातो. याला कार्ड टेस्टिंग म्हणतात. मूळ मालक बँकेकडे तक्रार करतो, पैसे परत जातात आणि वर दंडासारखी फी संस्थेलाच बसते. म्हणजे शाळेच्या वह्यांसाठी आलेल्या खऱ्या पैशांतून चोरांच्या प्रयोगाची फी भरायची.

आमच्या पानावरही एका रात्री अशी रांग लागली होती. सगळ्या रकमा एक डॉलरच्या, नावं कीबोर्डवर बोटं आपटल्यासारखी, आणि उत्तरात एन, एन, एन. पत्त्याची अट आधीच लावलेली होती, म्हणून बहुतेक प्रयत्न दारातच अडले. त्याच आठवड्यात एका काकूंची देणगीही अडली. त्या न्यू जर्सीहून टेक्सासला राहायला गेल्या होत्या, नवा पत्ता त्यांनी आम्हाला दिला, पण बँकेत जुनाच होता. दरवर्षी न चुकता देणाऱ्या काकू आणि चोर, दोघांचं उत्तर एकच. मशीनला त्यातला फरक कळत नाही. काकूंना मी फोन केला आणि दोन मिनिटांत विषय मिटला. पण फोन करायला माणूस हवा, आणि तो माणूस काकूंना ओळखत हवा.

मु. पो.

आता हीच पद्धत आपल्या तालुक्यात लावून बघा. आपला पत्ता कसा असतो? मुक्काम अमुक वाडी, पोस्ट तमुक, तालुका जुन्नर किंवा आंबेगाव, जिल्हा पुणे. यात आकडा कुठे आहे? घर नंबर ग्रामपंचायतीच्या दप्तरात असतो, पोस्टमन नावाने ओळखतो. आकडे फक्त शेवटी, पिन कोडचे.

पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला आणि त्यामागे एक मराठी माणूस होता, श्रीराम भिकाजी वेलणकर. टपाल खात्यातले मोठे अधिकारी आणि शिवाय संस्कृतचे कवी. एकाच नावाची गावं, वेगवेगळ्या भाषांत आणि लिप्यांत लिहिलेले पत्ते, यातून पत्रं वाट चुकायची. त्यावर सहा आकडी उपाय निघाला. पहिला आकडा देशाचा विभाग सांगतो, शेवटचे तीन पोस्ट ऑफिस सांगतात. जुन्नर ४१०५०२, घोडेगाव ४१२४०८. अमेरिकेत झिप कोड १९६३ मध्ये आला होता, आपण नऊ वर्षांनी.

पण पिन कोड पोस्ट ऑफिसचा असतो, घराचा नसतो. एका पिनखाली कितीतरी वाड्या येतात. तेव्हा नुसता पिन जुळला यावरून कार्डवाला खरा आहे असं म्हणणं म्हणजे "तो जुन्नरकडचाच आहे, सोडा त्याला" असं म्हणण्यासारखं. आपल्याकडे पत्त्याच्या आकड्यांवर चोर पकडणं चाललंच नसतं.

भारताने वेगळी वाट धरली. रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून ऑनलाइन कार्ड व्यवहाराला आणखी एक पुरावा सक्तीचा केला. आधी पासवर्ड होता, पुढे ओटीपी आला. "तू कुठे राहतोस" याच्या जागी "तुझा फोन तुझ्या हातात आहे का" हा प्रश्न आला. २०१६ मध्ये यूपीआय आलं आणि मग तर पत्त्याचा रकानाच गेला. ट्रस्टच्या भिंतीवर क्यूआर कोड लावला, स्कॅन केलं, पाचशे रुपये गेले, टिंग. ना नाव नीट, ना गाव.

चला, पत्त्याची कटकट संपली! असं वाटलं ना? नाही संपली. तो रकाना आता दुसऱ्या खात्याला हवा होता.

कायद्याला हवा असलेला पत्ता

१९६१ च्या आयकर कायद्यात २००६ च्या फायनान्स ॲक्टने ११५बीबीसी हे कलम घातलं. विषय होता निनावी देणग्या. निनावी म्हणजे काय, याची व्याख्या वाचताना मला लेण्याद्री आठवली. देणाऱ्याचं नाव आणि पत्ता दाखवणारी नोंद जी संस्था ठेवत नाही, तिला मिळालेली देणगी निनावी. ठराविक मर्यादेपलीकडच्या अशा देणग्यांवर ३० टक्के कर. निव्वळ धार्मिक संस्थांना यातून सूट दिली, म्हणून देवळातल्या दानपेटीत कोणी काय टाकलं ते विचारायला कोणी येत नाही.

पुढे २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून ८०जी खाली सवलत देणाऱ्या संस्थांना फॉर्म १०बीडी भरणं आलं. त्यात प्रत्येक देणगीदाराचं नाव, पत्ता, पॅन किंवा तसाच ओळखीचा नंबर आणि रक्कम. त्यावरून देणगीदाराला प्रमाणपत्र मिळतं, आणि ते असेल तरच त्याला करात सवलत मागता येते. म्हणून तुम्ही क्यूआरवर पैसे टाकले की मागून व्हॉट्सॲपवर मेसेज येतो, "कृपया पूर्ण नाव, पत्ता व पॅन पाठवा." वैतागू नका त्यांच्यावर. ते तुमच्या नावाची ओळ कोरताहेत.

आणि परदेशातून पैसे येणार असतील तर? इथे जुन्नरचे लेख परत आठवतात. तिथे तीन देणगीदार स्वतःला यवन म्हणवतात. यवन म्हणजे मुळात ग्रीक, पुढे एकूणच पश्चिमेकडून आलेले परके. इरिलाने पाण्याची दोन टाकी दिली, चिताने संघाला भोजनमंडप दिला, चंदाने लेण्याचा दर्शनी भाग करून दिला. इरिल आणि चित हे दोघे स्वतःला "गतांचे" म्हणवतात, म्हणजे कुळ किंवा जमात सांगतात. गाव कोणीच सांगत नाही. पण परकेपणा लपवलेलाही नाही. उलट तीच त्यांची ओळख म्हणून कोरली आहे, आणि संघाने ती टाकी, तो मंडप घेतला.

आजचा कायदा या बाबतीत फार बारकाईने बघतो. परदेशी देणग्यांचा पहिला कायदा १९७६ चा, सध्याचा २०१० चा, एफसीआरए. २०२० च्या दुरुस्तीनंतर अशी प्रत्येक देणगी आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीच्या मुख्य शाखेतल्या खात्यात उतरते. संस्था घोडेगावची असो की गडचिरोलीची, पैशाचा पहिला मुक्काम दिल्ली. आणि परदेशी कोण, हे बिलिंग ॲड्रेसवरून ठरत नाही! न्यू जर्सीत वीस वर्षं राहणाऱ्या पण भारतीय पासपोर्ट असलेल्या काकांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पैसे पाठवले तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. त्यांच्याच शेजारच्या, अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्या काकूंनी तेवढेच पाठवले तर ती परदेशी देणगी. झिप कोड तोच, अंगण तेच, देणारी दोघंही जुन्नरची. फॉर्ममध्ये पत्त्याचा रकाना असून भागत नाही, पासपोर्टचाही लागतो.

थोडक्यात, एकाच रकान्यात तीन वेगळे प्रश्न कोंबलेत. बँक विचारते, कार्ड तुझंच का? आयकर खातं विचारतं, हा पैसा कोणाचा? गृह मंत्रालय विचारतं, तू आमचा की बाहेरचा? तिन्ही प्रश्नांना कारण आहे. कार्ड टेस्टिंग आम्ही सोसलंय, काळा पैसा ट्रस्टमधून फिरवतात हेही खरं. पण तिन्ही प्रश्न देणाऱ्यालाच विचारलेत. घेणाऱ्याचं काय?

दुसरा अर्धा लेख

यासाठी जुन्नरहून नाशिकला जावं लागतं, पांडवलेण्यांत. राज्य तेच, नहपानाचं. मानमोडीचा अयमाचा लेख वर्ष ४६ चा, नाशिकचा वर्ष ४२ चा. फक्त चार वर्षांचं अंतर. देणारा नहपानाचा जावई उषवदात. त्याने संघाला लेणं दिलं आणि ३००० कार्षापणांची अक्षयनीवी ठेवली. अक्षयनीवी म्हणजे मुद्दल कधी मोडायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. आज आपण कॉर्पस फंड म्हणतो ते.

आता तपशील बघा. २००० कार्षापण गोवर्धन गावातल्या विणकरांच्या एका श्रेणीकडे, महिना शेकडा १ व्याजाने. १००० दुसऱ्या विणकर श्रेणीकडे, महिना शेकडा पाऊण व्याजाने. पहिल्या व्याजातून लेण्यात राहणाऱ्या वीस भिक्खूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रांसाठी, प्रत्येकी १२ कार्षापण. दुसऱ्यातून त्यांचा किरकोळ खर्च.

मी लगेच हिशोब केला, सवयच ती. २००० वर महिना शेकडा १ म्हणजे महिन्याला २०, वर्षाला २४०. वीस भिक्खू गुणिले १२ म्हणजे २४०. एक कार्षापण इकडे नाही की तिकडे नाही! दोन हजार वर्षांपूर्वीचं बजेट आजही तपासता येतं, कारण सगळे आकडे भिंतीवर आहेत. आणि लेखाच्या शेवटी म्हटलंय की हे सगळं निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, वाचून दाखवलं आणि रिवाजाप्रमाणे दप्तरात नोंदवलं.

इथे पडताळणी कोणाची झाली? देणाऱ्याची तर झालीच. पण पैसे सांभाळणाऱ्या विणकरांचीही झाली, आणि घेणाऱ्या संघाचीही. पैसे कुठे ठेवले, किती टक्क्याने, कशासाठी, आणि काय करायचं नाही. जुन्नरच्या लेखांतही हीच रीत दिसते. तिथे बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि काशाची भांडी करणाऱ्यांच्या श्रेणींकडे ठेवलेल्या ठेवींचा उल्लेख आहे. आडुथुम नावाचा एक शक उपासक वडालिका गावातली करंजाशी जोडलेली २० निवर्तनं आणि कटपुतक गावातली वडाशी जोडलेली ९ निवर्तनं देतो. निवर्तन म्हणजे जमिनीचं जुनं माप. गाव, झाड, माप, सगळं आलं. म्हणजे देणाऱ्याच्या पत्त्याइतकाच दानाचा पत्ताही लिहिलेला आहे.

आणि तो पत्ता चुकला तर? त्याचाही लेख नाशिकलाच आहे, आणि मला तो सगळ्यांत आवडतो. गौतमीपुत्र सातकर्णी आणि त्याच्या आईच्या नावाने वर्ष २४ मध्ये गोवर्धनच्या अधिकाऱ्याला हुकूम गेला. आशय असा की डोंगरावरच्या भिक्खूंना आम्ही पूर्वी ककडी गावात शेत दिलं होतं, पण ते शेत कसलं जात नाही आणि गावात वस्ती नाही. म्हणून आता नगराच्या सीमेवरच्या आमच्या राजशेतातून १०० निवर्तनं द्या.

विचार करा. राजाने दिलेलं दान कागदोपत्री पूर्ण झालं होतं. देणारा खरा, शेत खरं, गावाचं नाव खरं. तरी कोणीतरी जाऊन बघितलं की तिथे नांगर चालत नाही, माणूस राहत नाही. आणि ती गोष्ट न लपवता दगडावर कोरली, दुरुस्तीसकट.

आंबेगावचा पत्ता

असं पाहायला जाणारं कोणीतरी का लागतं, हे आंबेगाव तालुक्याइतकं कोणाला कळणार? ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळालं ते जुनं आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. तालुक्याची कचेरी घोडेगावला. म्हणजे इथला प्रत्येक माणूस आपल्या पत्त्यात "ता. आंबेगाव" लिहितो तेव्हा एका बुडालेल्या गावाचं नाव लिहितो.

आणि माळीण. ३० जुलै २०१४ ची सकाळ, डोंगर गावावर आला. १५१ माणसं गेली. बाहेरच्या जगाला कळलं ते एसटीच्या ड्रायव्हरमुळे. नेहमीच्या रस्त्याने गाडी घेऊन गेला आणि गाव जागेवर दिसलं नाही. पिन कोड होता, नकाशावर ठिपका होता, मतदार यादी होती. गाव नाही हे मात्र रोज तिथे जाणाऱ्या माणसालाच कळलं. पुढे आमडे इथे नवं माळीण वसवलं, २०१७ मध्ये लोक तिथे राहायला गेले. नाव तेच, जागा दुसरी. कुठल्याही कॉम्प्युटरला माळीणचा जुना पत्ता दिला असता तर त्याने बिनदिक्कत "जुळतो" असं उत्तर दिलं असतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. देणाऱ्याचा पत्ता जरूर तपासा. तुम्ही एखाद्या मंडळाचं, शाळेचं, ट्रस्टचं देणगीचं पान करत असाल तर काही गोष्टी आजच करा. परदेशी कार्डं घेत असाल तर पत्त्याची आणि मागच्या तीन आकड्यांची तपासणी चालू ठेवा. अगदी एक-दोन डॉलरची देणगी घेऊ नका, किमान रक्कम ठेवा. एकाच ठिकाणाहून मिनिटाला दहा प्रयत्न येत असतील तर अडवा. पत्ता न जुळलेल्या ओळखीच्या देणगीदाराला फोन करा, नुसतं लाल अक्षरांत "फेल्ड" दाखवू नका. पत्ता कशासाठी विचारताय ते रकान्याखाली एका ओळीत मराठीत लिहा. आणि मिळालेले पत्ते भिंतीवर लावू नका. सुलसदत्ताने स्वतःहून आपला पत्ता उघडा केला होता, तुमच्या देणगीदाराने केलेला नाही.

पण त्याच पानावर दुसरा अर्धा लेखही हवा. पैसे कुठल्या बँकेत आहेत, मुद्दल किती, व्याज किती, खर्च कशावर, आणि शेवटचं शाळेत जाऊन कोणी कधी बघितलं. आमच्या पानावर मी आता असा एक तक्ता केलाय. शाळेचं नाव, गाव, काय दिलं, कधी दिलं, आणि "बघून आल्याची तारीख". संस्थेतल्या एका काकांनी विचारलं, "अरे, एवढं कोण वाचणार?" मी म्हटलं, "काका, उषवदाताचा हिशोब मी वाचलाच ना!" ते हसले आणि म्हणाले, "बरं, ठेव."

तक्त्यात सध्या दोन शाळांपुढची तारखेची जागा रिकामी आहे. पाऊस उघडला की जाऊन येणार आहे. तुमच्यापैकी कोणी घोडेगाव-डिंभे भागातलं असेल आणि रविवारी मोकळं असेल तर मेसेज करा, बाइकवर एक जागा आहे.

भेटू पुढच्या भागात. तोवर तुमच्या गावच्या शाळेत, देवळात किंवा वाचनालयात भिंतीवर देणगीदारांची पाटी असेल तर तिचा फोटो पाठवा. त्यात गाव लिहिलंय का, आणि पैसा कुठे लागला ते लिहिलंय का, एवढं बघून सांगा.